कळलं आमच्याच गावांत, वळणार कधी?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री
आणि
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आणि एका जुन्या संशोधनाची थकबाकी.

महोदय,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय, त्याचं कारण आधी सांगते. मी चौतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. एका खात्याला अर्ज केला की तो ‘पुढील कार्यवाहीस्तव’ दुसऱ्याकडे जातो, आणि दुसऱ्याला केला की पहिल्याकडे, हे तेवढ्या वर्षांत पुरतं कळलं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, वर आरोग्य खातं. मेडिकल कॉलेज आणि तिथला कॅन्सर विभाग वैद्यकीय शिक्षण खात्याचा. बाई मात्र एकच असते. तिचं दुखणं उपकेंद्राच्या हद्दीत सुरू होतं आणि मेडिकल कॉलेजात कळतं, मधली पाच-सहा वर्षं कुणाच्याच रजिस्टरला नसतात. म्हणून पत्र दोघांना. फॉरवर्ड करायची सोय ठेवलेली नाही.

गोष्ट सन २०००ची. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, धाराशिव पुढे झाला. मी एका उपकेंद्रावर होते. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची जीप गावात आली. त्यांनी झेडपी शाळेची एक खोली मागून घेतली, खिडक्यांना सतरंज्या टांगल्या, दोन बाकं जोडून वर चादर घातली. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायांची यादी घेऊन त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर निघाल्या आणि तोंडओळखीसाठी मी पुढे. काय काय ऐकून घेतलं म्हणून सांगू! एक जण कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसली आणि तिची सासू उंबऱ्यातून सांगते, “ती माहेराला गेलीया.” दुसरी म्हणाली, “पोरं झाली तवा कुणी बघितलं न्हाई, आन् आता काय बघताव?” पहिल्या दिवशी सात जणी आल्या. त्यातली एक बाहेर येऊन पदर नीट करत म्हणाली, “कायबी न्हाई बायांनो, कापसाच्या बोळ्यानं पुसल्यागत वाटतंय.” माझ्या तासाभराच्या भाषणाने झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. चौथ्या दिवशी व्हरांड्यात जागा नव्हती.

करायचे काय, तर पिशवीच्या तोंडावरून मऊ ब्रशने नमुना घ्यायचे, नळीत घालायचे, नळी बार्शीला. तिथे एचपीव्ही नावाचा विषाणू शोधायचे. हा विषाणू बहुतेक बायांच्या अंगातून आपोआप निघून जातो, काहींच्यात ठाण मांडून बसतो. त्यातून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे दहा-पंधरा वर्षं हातात असतात. ज्यांच्यात सापडला त्यांना बोलावून दुर्बिणीने बघायचे आणि डाग दिसला तर तो थंड गॅसने जाळून टाकायचे. बाई संध्याकाळच्या एसटीने घरी.

तेव्हा मला वाटलं होतं, शिबिर आहे, चांगलं काम आहे. ते जगातलं केवढं मोठं संशोधन होतं हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, माझ्या मुलाने फोनवर उघडून एकेक ओळ मराठीत सांगितली तेव्हा. निकाल २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शी यांचं मिळून काम. आमच्या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले होते, त्यात १,३१,७४६ बाया. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, म्हणजे काचपट्टीवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, काहींत व्हीआयए, म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पांढरा डाग बघायचा. आणि काही गटांत तपासणी नाही, नुसती माहिती. सुमारे आठ वर्षं लक्ष ठेवलं. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बाया होत्या, त्यातल्या ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मरण निम्म्यावर आलं. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही.

चौथ्या गटाची तपासणीच केली नाही, हे योग्य की अयोग्य, यावर पुढे डॉक्टरांमध्ये पुष्कळ वाद झाला. करणारे म्हणाले, त्या भागात तेव्हा तपासणी नव्हतीच, म्हणून ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काही नाही. विरोधक म्हणाले, औषध माहीत असताना हातावर हात ठेवून बसलात. मी शिकलेली बाई नाही, या वादात निकाल द्यायची माझी पायरी नाही. पण त्या ६४ जणी आमच्या जिल्ह्यातल्या होत्या. त्यांच्या मरणाशी तुलना केल्यामुळे जगाला कळलं की कोणती तपासणी उपयोगाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सगळ्या देशांना सांगितलं की तिशीपासून एचपीव्ही चाचणी करा, पाच ते दहा वर्षांनी एकदा. त्या सल्ल्याच्या मुळाशी आमच्या शाळेची ती सतरंज्या टांगलेली खोली आहे.

आणि त्या खोलीत पुढे काय झालं? काही नाही. जीप गेली. गावातल्या ज्या मुली तेव्हा दहा वर्षांच्या होत्या त्या आज पस्तिशीच्या आहेत. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या उपकेंद्रात त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणीचं एक किट आलं नाही.

सरकारचं धोरण नाही असं मी म्हणत नाही. २०१६पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत : तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी, पाच वर्षांतून एकदा. त्यात गर्भाशयमुखासाठी पद्धत घेतली व्हीआयए. म्हणजे आमच्याच जिल्ह्यात जी चालली नाही ती. आता न्यायाने बोलायचं तर मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाख बायांचा अभ्यास केला, तिथे व्हीआयएने मृत्यू ३१ टक्के कमी झाले. पण तिथे कार्यकर्त्यांना नीट शिकवलेलं होतं, दर दोन वर्षांनी फेरी होती, वरून डॉक्टर पुन्हा पुन्हा ताडून बघत होते. मला व्हीआयएचं प्रशिक्षण मिळालं ते एका दिवसाचं. प्रोजेक्टरवर चित्रं आणि दुपारी पुरीभाजी. ॲसिटिक ॲसिडची बाटली आली, स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं साधन, ते आले नाहीत. स्पेक्युलम आले तेव्हा बाटलीची तारीख गेली होती.

मग आम्ही केलं काय? सांगते, लपवून काय करायचं. ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म असतो, आशाताई घरी जाऊन भरतात : तंबाखू खाता का, छातीत गाठ आहे का, अंगावरून पांढरं जातं का. बाई ‘नाही’ म्हणाली की फॉर्म पूर्ण. महिनाअखेरीस वरून फोन येतो, “सिस्टर, तुमचं स्क्रीनिंग मागे आहे.” मग तोच आकडा स्क्रीनिंगच्या रकान्यात. मी स्वतः भरलाय तो आकडा, सहीनिशी. माझ्यासारख्या किती असतील ते मला नका विचारू. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९ ते २०२१मध्ये थेट बायांनाच विचारलं, तेव्हा देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांपैकी दोघींचीही या कॅन्सरची तपासणी झालेली नव्हती. १.९ टक्के. स्तनाची तर ०.९. बाईला विचारलं तर खरं कळतं, रकान्याला विचारलं तर रकाना आपलीच बाजू घेणार.

आणखी एक. शिबिरं कधी होतात ते बघा. ४ फेब्रुवारी जागतिक कॅन्सर दिन, म्हणून बॅनर, रॅली, शिबिर. शिवाय मार्चएंड जवळ, निधी खर्ची टाकायचा असतो. आमच्या भागात फेब्रुवारीत गावात असतं कोण? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्यावर गेलेल्या असतात. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकात. कोयता जोडीवर असतो, म्हणजे नवरा-बायको दोघंही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. ज्या बाईची तपासणी व्हायला हवी ती पहाटे चार वाजता फडात मोळ्या बांधत असते. एकदा मी शिबिराच्या यादीत एकाहत्तर वर्षांच्या आजीचं वय एकोणसाठ लिहिलेलं बघितलं. आजी खूश झाल्या होत्या.

आता घरचं सांगते.

माझी धाकटी जाऊ बीड जिल्ह्यात राहायची. बारा-तेरा वर्षं कोयता केला. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. मला सांगितलं नाही, लाज वाटली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायांना ‘लाजू नका’ सांगत फिरले आणि माझ्याच घरात हे. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. दिराने उचलीतले पैसे भरले. दुसऱ्या दिवशी पिशवी काढली.

मी पोचले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. नर्स स्टीलच्या ट्रेमध्ये ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि दिराला दाखवली, “बघा, केवढी सुजलीय.” दिराने मान फिरवली. मी म्हटलं, ही लॅबला पाठवणार ना? ती म्हणाली, पाठवायची तर दीड हजार वेगळे, नातेवाइकांनी सांगितलं तरच. दिराच्या खिशात तेव्हा परतीच्या एसटीचे पैसे होते. मी माझ्याकडचे काढेपर्यंत ट्रे आत गेला होता. आत जाऊन विचारलं तर तिथला वॉर्डबॉय मामा म्हणाला, “टाकली की, मॅडम.”

सात महिन्यांनी रक्तस्राव परत सुरू झाला. मग मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कॅन्सर आधीपासून होता. पिशवीच्या तोंडाला. नुसती पिशवी काढून तो निघत नाही, उलट पुढचा इलाज अवघड होतो, आजूबाजूचं सगळं चिकटतं. आधी तुकडा तपासला असता तर थेट लाइट द्यायला घेतलं असतं. आमच्याकडे रेडिएशनला लाइट म्हणतात. महात्मा फुले योजनेत लाइट फुकट होतात, ते खरं, आणि त्याबद्दल सरकारचे आभारही मानते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने ही योजना सुरू झाली तेव्हापासून कितीतरी घरं तिने वाचवली, मी बघितलीत. पण योजनेला मंजुरी घ्यायची तर तुकड्याचा रिपोर्ट लागतो. आमचा रिपोर्ट कुठल्यातरी कचऱ्याच्या पिशवीत गेलेला. आरोग्यमित्र चांगला पोरगा होता, तो तरी काय करणार, कॉम्प्युटर पुढे सरकेना. पुन्हा भूल, पुन्हा तुकडा, पुन्हा रिपोर्टची वाट. यात एकवीस दिवस गेले. पंचवीस लाइट झाले, आतले लाइट झाले. पुढच्या वर्षी आषाढात ती गेली. बावन्न वर्षांची होती.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं असतं तर आपल्याला पाठवलं नसतं. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं तेव्हा २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांनी तेव्हा एकच विचारलं : खाडा नको म्हणून मुकादम काढायला लावतो का? विचारायलाच हवं होतं. पण बायांशी बोलाल तर आणखी एक शब्द वारंवार ऐकू येईल, तो म्हणजे कॅन्सर. “कॅन्सर होईल म्हनले म्हून काढली.” कुणालाच खरी तपासणी मिळत नसेल तिथे भीती विकायला सोपी जाते. ज्या बाईच्या हातात ‘विषाणू नाही’ असा कागद आहे तिला असं घाबरवून टेबलावर घेता येत नाही. एचपीव्ही चाचणी कॅन्सर लवकर पकडेलच, पण आमच्या भागात ती चांगल्या पिशव्याही वाचवेल. हे कुठल्या इंग्रजी अहवालात लिहिलंय की नाही मला माहीत नाही, मी बाजेवर बसून ऐकलेलं सांगतेय.

आणि म्हणून माझी पहिली मागणी सगळ्यात साधी आहे. राज्यात कुठल्याही दवाखान्यात, सरकारी असो की खाजगी, पिशवी काढली की ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, आणि रिपोर्ट बाईच्या हातात पडलाच पाहिजे. त्याचा खर्च वेगळा लावायचा नाही. बीडच्या प्रकरणानंतर तिथे खाजगीत पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू केली, तसंच हेही करता येतं. यासाठी मशीन लागत नाही, इमारत लागत नाही. एक जीआर लागतो.

चाचणीचं म्हणाल तर ‘महाग आहे, ग्रामीण भागात जमत नाही’ हे उत्तर आता चालायचं नाही. टीबीसाठी ट्रूनॅटची मशीन ग्रामीण रुग्णालयांत आलेली आहेत, आमच्या इथेही होतं, टेबलावर बेडशीट पांघरून. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ते मशीन, आणि एचपीव्हीची चाचणीही त्याच मशीनवर होते, चिप वेगळी. पुण्याच्या मायलॅबनेही एचपीव्हीचं किट काढलंय. शिवाय आता नमुना बाईला स्वतःला घेता येतो, हे तर फारच बरं झालं. पुरुष डॉक्टर नको, स्पेक्युलम नको, टांगलेली सतरंजी नको. बाई मोरीत जाऊन ब्रश फिरवून येईल, नळी आशाताईच्या हातात देईल. जागतिक आरोग्य संघटनेने याला मान्यता दिलेली आहे. २०००मध्ये हे असतं तर ती कडब्याच्या गंजीमागची बाई लपलीच नसती.

पण नुसती चिप पुरवून हात झटकू नका. विषाणू सापडलेल्या बाईला पुढे कोण बघणार, कुठे, कोणत्या वारी, हे आधी ठरवा, मग नमुने घ्या. जिल्ह्याच्या गावाला तीन चकरा मारून डॉक्टर भेटले नाहीत की चौथ्यांदा ती येत नाही. एका चकरेत एक रोजगार बुडतो. बार्शीवाल्यांनी तेव्हा विषाणू सापडलेल्या बायांना स्वतः गाडीने नेऊन आणलं होतं, म्हणून तो निकाल आला. प्रयोगशाळेइतकंच त्या जीपचं श्रेय आहे, पण जीपचा उल्लेख जर्नलमध्ये येत नाही.

या विषाणूवरच्या लसीबद्दल थोडं. मुलींना लस मिळायलाच हवी. तिच्या बाबतीतही जगाला शहाणं करण्यात आपला वाटा आहे आणि तो फार विचित्र रीतीने घडला. २००९मध्ये देशात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी, पुणे आणि मुंबईही होतं. तीन डोस द्यावेत की दोन पुरतील, एवढाच प्रश्न. तिकडे खम्मम आणि वडोदऱ्याला दुसऱ्याच एका संस्थेच्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही, पण वसतिगृहांच्या वॉर्डनांनी आईबापांच्या जागी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं निघालं. गंभीरच होतं ते. पण एप्रिल २०१०मध्ये सरकारने सरसकट सगळीकडचं लस देणं थांबवलं. आपल्या अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही. दहा वर्षं गावोगाव, लग्न होऊन गेल्या तिथे सासरी जाऊन, त्यांचा माग ठेवला. आणि २०२१मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त निकाल आला : विषाणूच्या मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचंही संरक्षण सुमारे ९५ टक्के, दोन-तीन डोसांइतकंच. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरतो असं जाहीर केलं. गरीब देशांचा खर्च एका झटक्यात उतरला. आपल्या सरकारच्या एका अर्धवट आदेशातून हे निघालं. याला काय म्हणावं! नशीब म्हणा. पण त्यातलं दहा वर्षं मुलींच्या मागे फिरणं नशिबाचं नव्हतं.

लस मात्र मुख्यतः नऊ ते चौदा वर्षांच्या पोरींसाठी. त्यांच्या आया तीस-चाळिशीत आहेत, त्यांना ती लागू नाही. पोरीला लस द्यायला आई शाळेत येईल, त्याच दिवशी, त्याच टेबलावर आईच्या हातात नमुन्याची नळी द्या. एवढं साधं आहे.

आता वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांकडे वळते. सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने राज्याच्या कॅन्सर धोरणाला मंजुरी दिली. अठरा रुग्णालयं, तीन स्तर, आणि कारभाराला ‘महाकेअर’ फाउंडेशन. त्याच्या नावात केअर आहे, रिसर्च आहे, एज्युकेशन आहे. मला आनंद झाला. केमोसाठी परळला जाणारी माणसं मी बघितलीत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य, नाहीतर टाटासमोरच्या फूटपाथवर ताडपत्री. त्यांचा मुक्काम जिल्ह्यात आला तर दुवा मिळेल. पण तीन स्तरांमधला सगळ्यात खालचा स्तरही हॉस्पिटलच आहे. त्याच्या खाली तालुका, त्याच्या खाली पीएचसी, त्याच्या खाली माझं उपकेंद्र. तिथे धोरण उतरलं नाही तर अठरा रुग्णालयांत येणारी बाई आजच्यासारखी तिसऱ्या स्टेजलाच येईल. फक्त प्रवास कमी होईल.

आणि रिसर्च या शब्दाबद्दल. आपल्याकडे संशोधन म्हटलं की मोठं मशीन डोळ्यांसमोर येतं. टाटा मेमोरियल १९६२पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, म्हणजे सरकारच्या पैशावर चालतं. तिथल्या डॉक्टरांनी काय केलं ऐका. स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. टाके घालताना मी वापरायचे तेच, बधिर करायचं, मेडिकलमध्ये कुठेही मिळणारं. जवळपास सोळाशे बायांवर अभ्यास केला. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या शंभरातल्या ९० जिवंत, न दिलेल्या शंभरातल्या ८६. दुसरं, तोंडा-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरला निवोलुमॅब नावाचं फार महागडं औषध असतं. त्याचा जेमतेम ६ टक्के डोस नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दिला, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. यातलं कुठलंही संशोधन औषध कंपनी स्वतःहून करेल का? कमी औषध वापरा असं दुकानदार कधी सांगतो? हे काम सरकारच्या पैशानेच होतं, आणि महाकेअरच्या रिसर्चचा पैसा अशाच प्रश्नांवर जायला हवा. मशेरी लावणाऱ्या बायांची तोंडं कुणी, कधी, कशी तपासायची? कोयत्यावर गेलेल्या बाईला कारखान्याच्या तळावर गाठायचं की पाडव्यानंतर गावात? स्वतः नमुना घेतलेली बाई दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत किती चकरांत पोचते? असले प्रश्न पीएचसीच्या ओट्यावरच सुटतात, आणि त्यांचा अभ्यास करू शकणाऱ्या डॉक्टरांना आपलं मेडिकल कॉलेज आजवर पीएचसीत पाठवतं ते फक्त सक्तीच्या सेवेचा बॉण्ड पुरा करायला.

बार्शीने १९८७मध्ये ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरासारखं दवाखान्याच्या फायली बघून भागेना, कारण माणसं दवाखान्यात येतच नव्हती. मग त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पारावर, चावडीत, बायांच्या घोळक्यात बसून लक्षणं सांगितली आणि कुणाला असं होतंय का ते विचारत गेले. नोंद करता करता झालं असं, की बायाच लवकर यायला लागल्या. पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या वाढल्या. औषध नाही, मशीन नाही, बोलणं फक्त. हे सगळं छापलेलं आहे, आपल्या खात्याच्या ग्रंथालयात सापडेल.

माझ्याकडे अजून त्या वेळच्या यादीची माझ्या हातची प्रत आहे. शंभरपानी वही, वर आईस्क्रीमच्या जाहिरातीचं कव्हर. उपकेंद्राच्या गावांतल्या बायांची नावं, नवऱ्याचं नाव, वय, ‘आली / आली नाही’. जवळच्याच एका तांड्याला मध्यंतरी गेले होते, तिथल्या दोघी-तिघींनी ओळखलं, म्हणाल्या, “ती जीप परत कधी यायची सिस्टर?” त्यांच्या सुना शेजारी उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन.

पाडव्याच्या आसपास टोळ्या परतायला लागतात. मेपासून दसऱ्यापर्यंत बाया गावात असतात, पेरणीचे पंधरा दिवस सोडून. या काळात एका तालुक्यापुरती तरी सुरुवात करा. कुठला तालुका ते आपण दोघांनी बसून ठरवा, मला आग्रह नाही. मी बिनपगारी येईन. वही घेऊन येईन. सतरंज्या लागल्याच तर शाळेत आहेत, मी बघून आलेय.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जिल्हा धाराशिव